पुतळ्यापुढे उभे राहताना

पुण्यनगरीत पाहुणे आले की आपण त्यांना शनिवारवाडा दाखवितो, लाल महालापाशी शाहिस्तेखानाच्या फजितीची कथा सांगतो, कसबा गणपतीचे दर्शन घडवितो आणि लक्ष्मी रस्त्याकडे वळतो. शनिवारवाड्यापासून छत्रपती शिवाजी पूल, म्हणजेच पुणेकरांचा नवा पूल, ओलांडून शिवाजीनगरात मात्र फारसे कोणी जात नाही. तेथे श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा उभा आहे.

या स्मारकाचा इतिहास मननीय आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यासाठी पुढाकार घेतला. १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते कोनशिला बसली आणि १९२८ च्या जून महिन्यात मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी अनावरण केले. परकीय सत्तेच्या प्रतिनिधींनी स्वराज्यसंस्थापकाच्या स्मारकाचा समारंभ करावा, हा काळाचा महिमाच! पुढे अवघ्या १९ वर्षांत ती सत्ता गेली. महाराज तेथेच आहेत.

हे शिल्प घडविणारे नानासाहेब करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. तेथील त्यांचे घर आज शिल्पसंग्रहालय आहे. महाराजांच्या पुतळ्याला वंदन करणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल? ब्राँझमध्ये ओतलेली ही कृती जवळजवळ शतकभराचे ऊनपाऊस सोसून उभी आहे, ती त्या शिल्पकाराच्या आणि अनाम कारागिरांच्या निष्ठेमुळे.

याची आठवण आज मुद्दाम करावी लागते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. पूर्ण नऊ महिनेही तो टिकला नाही. २०२५ मध्ये तेथे नवा पुतळा उभा राहिला, तरी मनाची बोच गेलेली नाही. त्याच किनाऱ्यासमोर महाराजांनी १६६४ मध्ये बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग साडेतीन शतके समुद्राशी झुंजतो आहे. त्याच्या पायात शिसे ओतले गेले होते. केवळ जयघोषाने तट उभे राहत नाहीत, हे महाराज जाणून होते. आपली भक्ती उणी नव्हती. उणी पडली ती कामातील दक्षता. श्रद्धेला साधनेची जोड नसेल, तर तो श्रद्धेचाच अवमान ठरतो.

२०२८ मध्ये पुण्यातील या पुतळ्याला शंभर वर्षे होतील. त्याआधी एखाद्या सकाळी, शाळेची अनुमती घेऊन, मुलाबाळांसह तेथवर पायी जावे. मुलांना पुतळा कोणाचा हे सांगावे लागणार नाही. तो कोणी घडविला, कसा घडविला आणि इतकी वर्षे कसा टिकला, हे अवश्य सांगावे. वाहिलेला हार सायंकाळपर्यंत कोमेजतो. चोख काम करण्याचा संस्कार मात्र पिढ्यांना पुरतो, आणि महाराजांना तोच खरा मुजरा होय.