गॅस लावा, पण ट्रकचं मूळ रूप राखा

जबलपूरच्या कारखान्यात बनलेला आणि लष्करी लिलावातून बाहेर पडलेला निस्सान एक-टनी ज्यांनी पाळलाय, त्यांचे पेट्रोलपंपावरचे चेहरे मी गॅरेजवाला चांगले ओळखतो. जवळपास ४ लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन. पाजाल तेवढं पिणार! तरी एलपीजीचं नाव काढलं की शौकीन मंडळी नाक मुरडतात. मला ते पटत नाही. शेडमध्ये गंजणाऱ्या ट्रकपेक्षा गॅसवर धावणारा कधीही बरा.

शिवाय गॅस सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढत नाही, त्यामुळे ऑइल जास्त काळ स्वच्छ राहतं. लिटरमागे अंतर घटतं, पण दरातला फरक ते भरून काढतो. जुन्या व्हॉल्व्ह सीट मात्र झिजू शकतात. टॅपेट वेळोवेळी तपासा आणि हेड उतरवलंच तर कडक सीट बसवून घ्या.

माझी अट एकच: जे कराल ते पुन्हा काढता आलं पाहिजे. मिक्सर कार्ब्युरेटर आणि एअर क्लीनरच्या मध्ये बसतो, व्हेपोरायझरला इंजिनचं गरम पाणी दोन होजमधून मिळतं. त्यासाठी मूळ कार्ब्युरेटर किंवा पेट्रोलची टाकी भंगारात द्यायची गरज नाही.

घरगुती सिलिंडर लावणं तर बेकायदा आहे. गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. ठिणगी पडली की संपलं. मान्यताप्राप्त किट, ८० टक्क्यांवर भरणं थांबवणारी टाकी आणि आरसीवर नोंद, एवढं करा आणि खुशाल घाट चढा.