पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो

स्मरणिकेत इमारती, देणगीदार आणि गुणवंत विद्यार्थी यांना हक्काची जागा असते. आम्ही माजी विद्यार्थी यंदा चार इंच बाय सहा इंचांच्या एका फोटोसाठी थोडी जागा मागत आहोत.

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला जाताना पोस्टकार्ड आकाराचा रंगीत फोटो प्रवेशपत्रासोबतच्या नमुन्यावर चिकटवून न्यावा लागतो. पार्श्वभूमी पांढरी हवी, चेहरा ८० टक्के दिसावा, दोन्ही कान स्पष्ट दिसावेत. हजेरीपत्रकासाठी पासपोर्ट आकाराचा फोटो वेगळा, आणि तो अर्जात जोडलेलाच. शिवाय मूळ ओळखपत्र. परीक्षा दुपारी दोनला, दरवाजा बंद दीडला. शहरातल्या घरात ही जुळवाजुळव एका संध्याकाळी उरकते. आपल्या वसतिगृहात आईवडील दूर, स्टुडिओ तालुक्याच्या गावी, आणि सूचनांची पुस्तिका इंग्रजीत. कित्येक मुलांच्या आधार कार्डावर तर अजून पहिलीतला चेहरा आहे, कारण पंधराव्या वर्षी करावयाचे नूतनीकरण राहून गेलेले असते.

दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या आदल्या सायंकाळी आम्ही काही जण मुलांना शुभेच्छा देण्यासाठी गेलो होतो. उजळणी थांबलेली होती. एक मुलगी फोटो दिव्याखाली धरून विचारीत होती, “दादा, डावा कान अर्धाच दिसतो, चालेल का?” कोपऱ्यात बसलेल्या मुलाची चिंता निराळी होती. एप्रिलअखेरीस तो श्रामणेर शिबिराला बसला होता. अर्जातल्या फोटोत दाट केस, आणि आता डोक्यावर नुकती उगवलेली लव. दारात अडवले तर? त्याच्या आईचा तीनदा फोन येऊन गेला होता. तिसऱ्या वेळी तिने भन्तेजींना विचारले, “शिबिराला पाठवलं, हे चुकलं का हो आमचं?”

त्या प्रश्नाने आम्ही सारेच निरुत्तर झालो. कागदाची धास्ती आपल्या घरांत नवी नाही. १९५६ साली धम्म स्वीकारणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींसाठी १९९० च्या कायदादुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागली. धर्माच्या रकान्यात काय लिहावे, यावर त्या ३४ वर्षांत किती घरांतून रात्री जागल्या असतील! धम्माची वाट धरली की कागद आडवा येतो, हे त्या माउलीला कोणी शिकवलेले नव्हते. ते तिच्या ऐकिवात होते.

मुलाला दारात कोणी अडवले नाही. तपासणाऱ्याने चेहरा पाहिला, ओळखपत्र पाहिले, आत सोडले. मात्र तो रात्रभर झोपला नव्हता, आणि ती रात्र कोणत्याही गुणपत्रिकेत दिसणार नाही.

आमची तक्रार नियमाविरुद्ध नाही. दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणारे तोतये पकडण्यासाठी हा नियम आहे, आणि तोतयाने लाटलेली जागा शेवटी आपल्यासारख्यांच्याच मुलांची असते. धार्मिक पोशाखालाही नियमाची बंदी नाही. अशा परीक्षार्थींनी तपासणीसाठी लवकर यावे, एवढीच अपेक्षा आहे. चष्मा नेहमीचा असेल तर तोही चालतो. मुलांना यातले काहीच ठाऊक नव्हते, कारण आम्ही मोठ्यांनी पुस्तिका उघडली नव्हती. अभ्यासिका बांधण्यासाठी वर्गणी गोळा करणारे आम्ही, एका पानाचा मराठी अनुवाद करायला आम्हाला वेळ मिळाला नाही! हा दोष आम्ही पदरात घेतो.

व्यवस्थापनाकडे आमची पहिली मागणी शिबिराच्या तारखेबद्दल आहे. अलीकडे ही परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होत आली आहे. बारावीच्या मुलांचे श्रामणेर शिबिर त्यानंतर ठेवता येईल. बुद्धपौर्णिमा पुढे आली तर इतरांचे आधी होऊ द्यावे. शिबिर की परीक्षा, असा प्रश्न कोणत्याही आईपुढे उभा राहू नये. ज्यांचे मुंडण आधीच झाले असेल, त्यांनी नव्या चेहऱ्याचा एक फोटो जवळ बाळगावा आणि केंद्रावर तासभर लवकर पोहोचावे.

उरलेले काम आमच्याकडे द्यावे. अर्ज भरण्यापूर्वीच्या एका रविवारी विहाराच्या सभागृहात छायाचित्रकाराला बोलावून प्रत्येक मुलाचे दोन्ही आकारांचे फोटो पुरेशा प्रतींत काढून घेऊ. ज्यांचे आधार जुने आहे, त्यांना त्याच आठवड्यात केंद्रावर नेऊ. मुलींनी केस कानांमागे घ्यावेत, हे सांगायला एखादी ताई हवी. पांढरी चादर आम्ही घरून आणू. सभागृहाची भिंत निळी आहे.