वर्तमानपत्रे आणि शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे

शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे वर्तमानपत्रांत छापले जात नाही, अशी तक्रार आपल्या सभांतून वारंवार ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी नाही. तथापि, गारपीट झाली की पुष्कळ संस्था जो मजकूर धाडतात, त्यात सरकारच्या निंदेचे दोन ताव असतात. पण कोणत्या गावी, कोणत्या तारखेस, किती क्षेत्रातील कोणते पीक गेले, याचा पत्ता नसतो. असा मजकूर हाती आलेल्या संपादकाने छापावे तरी काय?

या बाबतीत बारडोलीचे उदाहरण मननीय आहे. तत्कालीन मुंबई इलाख्यातील सुरत जिल्ह्याच्या त्या तालुक्यात सारा सुमारे 22 टक्क्यांनी वाढविण्यात आला, आणि 1928 साली वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो देण्याचे नाकारले. शेतकऱ्यांचा निर्धार सर्वश्रुत आहे; पण त्यामागील कागदी काम फारसे कोणी सांगत नाही. नरहरि परीख यांनी ‘नवजीवन’ पत्रातून जमाबंदीच्या अहवालाची आकडेवार चिकित्सा केली. लढा चालू असता प्रकाशनाचे स्वतंत्र खाते होते व दररोज पत्रिका निघे. पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव चौकशी केली, तेव्हा ज्या खंडाच्या आकड्यांवर वाढ उभारली होती तेच नीट तपासलेले नव्हते असे आढळले. 1929 साली वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आली. शेतकऱ्यांची बाजू चौकशीत टिकली, कारण ती आकड्यांवर उभी होती.

यास्तव आमची सूचना अशी की, प्रत्येक संस्थेने वर्तमानपत्रांशी व्यवहार करण्यास एकच जबाबदार गृहस्थ नेमावा. दहा जणांनी दहा आकडे सांगितले, तर बातमीदार एकावरही विश्वास ठेवीत नाही. मजकूर एका पानाचा असावा. त्यात गाव, गट नंबर, पेरलेले क्षेत्र, नुकसानीची तारीख व पंचनामा झाला की नाही, हे प्रथम यावे. मोजलेले कोणते आणि अंदाजाचे कोणते, हे स्पष्ट लिहावे. तो त्याच दिवशी, अंक छपाईस जाण्यापूर्वी पोहोचावा. शिळी बातमी कोणी घेत नाही. बातमीदार आल्यास त्यास हारतुरे व जेवणावळ नको; थेट बांधावर न्यावे आणि ज्याचे पीक गेले त्यासच बोलू द्यावे.

तो तहसील कचेरीतही विचारील. त्याचा राग मानू नये. उलट कोणास विचारावे हे आपणच सांगावे. छापण्यापूर्वी मजकूर दाखवा, असा हट्ट धरू नये. चूक छापली गेल्यास धमकी न देता पुराव्यासह चार ओळींचा खुलासा संपादकास पाठवावा. पैसे देऊन छापविली ती जाहिरात होय. तिला बातमीचे वजन येत नाही.

कोणी म्हणतील, थोडे वाढवून सांगितल्याशिवाय कोण लक्ष देतो? आम्ही महसूल खात्यात नोकरी केली आहे, म्हणून निक्षून सांगतो: शंभर एकर छापून आले आणि पंचनाम्यात साठच भरले, तर लोक त्या साठांबद्दलही शंका घेऊ लागतात. चाळीस एकरांच्या खोटेपणाची शिक्षा साठ एकरांच्या खऱ्या धन्यास भोगावी लागते. पुढील वर्षी खरेच शंभर बुडाले, तरी त्या संस्थेचे पत्र कोणी उघडून पाहत नाही.

सबब प्रत्येक संस्थेने पेरणीपासूनच पीक, पाऊस व बाजारभाव यांची नोंदवही ठेवावी. संकट आल्यावर माहिती गोळा करू लागलो, तर अंदाजाशिवाय हाती काही लागत नाही. नोंद तयार असेल, तर बातमीदारास आपली गरज वाटेल, आणि आपला शब्द छापून येण्यास कोणाची मनधरणी करावी लागणार नाही.