विश्लेषण : मोबाइलवरच्या वंशावळीतील चुका सॉफ्टवेअरवर सोडता येतील का?

कुणबी नोंदी आणि वारस नोंदींमुळे बीड जिल्ह्यात घरोघरी वंशावळी तयार होत आहेत. त्या मांडण्यासाठी अॅप आणि सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत आणि चुका शोधण्याची सोयही त्यांत असते. ही सोय जरूर वापरावी. मात्र तिचा इशारा पुसण्यासाठी नोंद बदलणे महागात पडू शकते.

वंशावळीला एवढे महत्त्व का आले?

निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समिती सप्टेंबर २०२३ मध्ये नेमली गेली. ऑक्टोबर २०२३ मधील पहिल्या अहवालापर्यंत सुमारे पावणेदोन कोटी कागदपत्रे पाहून ११,५३० कुणबी नोंदी सापडल्याचे राज्य सरकारने जाहीर केले. शोधाची व्याप्ती नंतर वाढत गेली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेत गावपातळीवर चौकशी करणाऱ्या समित्यांची तरतूद केली.

नोंद मात्र पणजोबांच्या किंवा खापरपणजोबांच्या नावाने असते आणि दाखला आजच्या मुलाला हवा असतो. मधल्या पिढ्या जोडण्याचे काम वंशावळ करते. ती प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो आणि जात पडताळणीच्या कायद्यानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. म्हणजे वंशावळीतील एका चुकीच्या दुव्याची झळ एकट्या अर्जदाराला बसत नाही. तीच वंशावळ पुढे चुलतभाऊ आणि त्यांची मुलेही जोडतात. आरक्षणाच्या वादात बाजू कोणतीही असो, वंशावळ खरी असावी यावर दोन्ही बाजूंचे दुमत नसावे.

सॉफ्टवेअर नेमके काय तपासते?

वंशावळीच्या सॉफ्टवेअरमधील तपासणी मुळात वयाचा हिशेब करते. मुलाचा जन्म आईच्या जन्माआधीचा आहे का, वडिलांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी मूल जन्मलेले दिसते का, दोन सख्ख्या भावंडांच्या जन्मात पाचच महिन्यांचे अंतर आहे का, लग्न मृत्यूनंतरचे आहे का, एखादी व्यक्ती १२० वर्षे जगल्याचे दिसते का, असे प्रश्न ती प्रत्येक नावाला लावते. मायहेरिटेजमध्ये अशी तपासणी २०१७ पासून आहे. रूट्समॅजिक अडचणींची यादी काढून देते. ग्रॅम्प्स हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर संगणकावर चालते. त्यातील तपासणीच्या मर्यादा वापरणाऱ्याला बदलता येतात.

टंकताना झालेल्या ढोबळ चुका यातून चटकन सापडतात. १९३५ ऐवजी १९५३ पडले, वडिलांच्या जागी मुलाला बसवले, एकच व्यक्ती दोनदा भरली गेली, हे दोनशे नावांच्या वंशावळीत डोळ्यांनी शोधणे अवघड असते.

तपासणीला एक अट मात्र असते. तारीख सॉफ्टवेअरला समजली पाहिजे. तारखेच्या रकान्यात ‘दुष्काळाच्या साली’ असे लिहिले, तर ती तारीख हिशेबात धरली जात नाही. अमेरिकी पद्धतीच्या अॅपमध्ये ३/४/१९५२ ही तारीख ३ एप्रिलऐवजी ४ मार्च समजली जाऊ शकते. इशारा आला नाही याचा अर्थ सगळे बरोबर आहे, असा होत नाही. तपासायला काहीच मिळाले नाही, असाही तो असू शकतो.

मराठवाड्यातील नोंदींत वेगळे काय आहे?

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे एकाच घराण्याच्या नोंदी उर्दू, मोडी आणि देवनागरी अशा तीन लिप्यांत सापडतात. कालगणनाही एक नाही. हैदराबाद संस्थानात महसुली कामासाठी फसली साल चाले आणि ते ऑक्टोबरात सुरू होई. हिजरी साल वेगळे, आणि घरच्या कागदांत शालिवाहन शक.

जानेवारी १९३३ हा एकच महिना घेतला, तर तो फसलीत १३४२, हिजरीत १३५१ आणि शकात १८५४ असा लिहिला जाईल. आता ‘१३४२’ हा आकडा कोणी इसवी सन म्हणून भरला, तर चूक ५९१ वर्षांची होते आणि सॉफ्टवेअर लगेच ओरडते. पण तोच आकडा हिजरी समजून इसवी सनात बदलला, तर १९२३-२४ हे साल मिळते. चूक अवघी नऊ वर्षांची. बाप-लेकाच्या वयात ती सहज बसते आणि कोणताही इशारा येत नाही. ढोबळ चूक पकडली जाते, बेताची चूक निसटते. पडताळणीत नेमकी हीच चूक गोत्यात आणते, कारण तिथे मूळ कागद समोर असतो.

सर्वांत धोकादायक चूक कोणती?

चुकीचा माणूस. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत मराठवाड्यात जुनी आहे. समजा, तुका नावाच्या शेतकऱ्याला तीन मुलगे होते. त्याच्या माघारी तिघांनीही आपापल्या मुलाचे नाव तुका ठेवले. एकाच गावात, एकाच आडनावाचे, जवळपास एकाच वयाचे तीन तुका झाले. जुन्या नोंदीत आडनाव नसेल आणि वडिलांचे नावही लागत नसेल, तर ती नोंद थोरल्या पातीची की धाकट्या पातीची, हे वयाच्या हिशेबातून कळणार नाही. तिन्हींपैकी कोणालाही जोडले तरी सॉफ्टवेअर समाधानीच राहील.

इथे उपयोगी पडतो तो जमिनीचा कागद. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही आणि पुढचे फेरफार यांतून जमीन एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली हे दिसते. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, हेही लक्षात ठेवावे लागते. नाव, वडिलांचे नाव आणि शेत या तिन्ही गोष्टी जुळल्या, तर माणूस ओळखता येतो. नुसत्या नावावर तो ओळखता येत नाही.

नावाची रचनाही सॉफ्टवेअरच्या चौकटीत बसत नाही. बहुतेक परदेशी अॅपमध्ये नाव आणि आडनाव असे दोनच ठळक रकाने असतात. जुन्या नोंदीत ‘रामा बिन तुका’ किंवा ‘रामा वल्द तुका’ असते. ‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे ‘भ्रतार’ लिहून नवऱ्याचे नाव येते. हे न कळता ‘तुका’ आडनावाच्या रकान्यात गेले, की शोधात ते घराणेच वेगळे पडते. पांडुरंग आणि पांडूरंग ही अॅपला दोन माणसे वाटतात. कागदावर ‘ज्ञानोबा’ आणि घरात ‘आबा’ असलेल्या एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात.

इशारा आला की तारीख बदलायची का?

नाही. वंशावळी करणाऱ्यांकडून इथेच मोठी गफलत होते. ग्रॅम्प्समध्ये आईचे किमान वय १७ गृहीत धरलेले असते. बीडमधील १९३० च्या दशकातील एखाद्या कुटुंबात आई पंधरा वर्षांची असताना मूल झाल्याचे कागद सांगत असेल, तर इशारा येणारच. पण ब्रिटिश हिंदुस्थानात १९३० पासून लागू झालेला शारदा कायदा निजामाच्या राज्याला लागू नव्हता आणि मुलींची लग्ने लहानपणी होत. इथे कागद खरा असू शकतो आणि सॉफ्टवेअरचे गृहीतक चुकीचे.

उलट प्रकारही असतो. मराठवाड्यातील हजेरीपटांवर १ जून ही जन्मतारीख वारंवार भेटते. मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसल्याने गुरुजींनी ती लावलेली असते. त्यामुळे सख्ख्या भावंडांच्या वयात नेमके एक-दोन वर्षांचे अंतर दिसते. सॉफ्टवेअरला ते निर्दोष वाटते, पण वास्तवात तो अंदाज असतो.

इशारा घालवण्यासाठी आईचे जन्मसाल तीन वर्षे मागे ढकलले, तर पडद्यावरची लाल खूण जाईल. पण वंशावळ आणि शाळेचा दाखला यांत तफावत तयार होईल. प्रतिज्ञापत्रावर दिलेली अशी माहिती निव्वळ टंकनदोष राहत नाही. खोटी माहिती देऊन जातीचा दाखला मिळवणे हा कायद्याने गुन्हा आहे. म्हणून कागदात जे आहे तेच लिहावे, शंका टिपेच्या रकान्यात नोंदवावी आणि इशारा तसाच राहू द्यावा. कारण दिलेली विसंगती चौकशीत समजावून सांगता येते. कारण न देता केलेली ‘दुरुस्ती’ सांगता येत नाही.

जी माणसे भरलीच नाहीत, त्यांचे काय?

सॉफ्टवेअर भरलेल्या माणसांची तपासणी करते. न भरलेल्यांबद्दल ते काही बोलत नाही. आणि गावाकडच्या वंशावळीत सर्वाधिक गाळल्या जातात त्या मुली. लग्न झाले, नाव बदलले, सासर दुसऱ्या तालुक्यात. मग बहिणीची रेघच ओढली जात नाही.

वडिलांच्या मृत्यूनंतर वारस नोंदीसाठी हीच वंशावळ तलाठ्याकडे जाते. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अटही त्यासाठी नाही. अशा स्थितीत बहिणीचे नाव नसलेली वंशावळ ही टंकनाची चूक मानता येणार नाही. तिचा हक्कच त्यातून गळतो. तांत्रिक तपासणीत मात्र ती शंभर टक्के उत्तीर्ण होते.

दुसरी गळती ऊसतोडीची. बीडमधील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. फडावर जन्मलेल्या मुलाची नोंद, झालीच तर, जिथे जन्म झाला तिथे होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याची रीतच तशी आहे. गावच्या नोंदवहीत हे मूल सापडत नाही. मग वंशावळीत जन्मस्थळ म्हणून सवयीने गावाचे नाव भरले जाते आणि पुढे दाखला शोधणारा चुकीच्या ग्रामपंचायतीत खेटे घालतो.

मग वंशावळ तपासायची कशी?

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक नावासमोर कागद लिहिणे. कोणती नोंदवही, कोणते साल, कोणते पान, आणि नोंद मूळ कोणत्या लिपीत आहे. ज्या नावाला कागद नाही, तिथे ‘सांगोवांगी’ असे स्वच्छ लिहावे आणि कोणी सांगितले तेही टिपावे. साल मूळ कालगणनेत जसे आहे तसे टिपेत ठेवावे आणि इसवी सन वेगळे भरावे. पुढे रूपांतर चुकल्याचे कळले, तर मूळ आकड्याकडे परत जाता येते.

दुसरी पायरी सॉफ्टवेअरची तपासणी. दिसलेला प्रत्येक इशारा कागदाशी ताडावा. टंकनाची चूक असेल तर सुधारावी, नसेल तर कारण लिहावे.

तिसरी पायरी भावकीची. वंशावळ छापून थोरल्या आणि धाकट्या पातीतील जाणत्यांना, आणि मुख्य म्हणजे आत्या-आजींना वाचून दाखवावी. कोणाचे दुसरे लग्न झाले होते, कोण दत्तक गेले, कोणते मूल लहानपणी गेले, हे त्यांनाच ठाऊक असते. साल आठवत नसले, तरी रझाकाराच्या काळात की बहात्तरच्या दुष्काळात, हे त्या सांगू शकतात. तेवढ्यानेही १९४८ आणि १९७२ असे दोन पक्के खांब मिळतात. अॅप दुसऱ्याच्या वंशावळीतून आयती नावे सुचवते, तेव्हा तर ही पायरी टाळूच नये. दुसऱ्याची चूक एका टिचकीत आपल्या घरात येते.

सरकारने काय करायला हवे?

सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकण्याचे काम झाले, हे चांगले पाऊल आहे. वंशावळ जुळवण्यासाठी तालुकास्तरीय समित्यांचा निर्णयही जानेवारी २०२४ मध्ये झाला. पण नागरिकाच्या हाती वंशावळीचा जो नमुना येतो, त्यात नाव आणि नाते यांपलीकडे फारशी जागा नसते. प्रत्येक नावापुढे कागदाचा संदर्भ, मूळ साल आणि ‘खात्री नाही’ असे लिहिण्याची जागा दिली, तर निम्मी तपासणी अर्जाच्या वेळीच होईल. मुलींसाठी स्वतंत्र आणि सक्तीचा रकाना हवा. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांनी केलेल्या लिप्यंतरासोबत मूळ पानाचे छायाचित्र जोडलेले असावे, म्हणजे चूक वाचणाऱ्याची की टंकणाऱ्याची, हे ठरवता येईल.

‘खात्री नाही’ असे लिहिणाऱ्या अर्जदाराला कार्यालयात संशयाने पाहिले जाऊ नये, हे त्याहून महत्त्वाचे. गुळगुळीत, एकही शंका नसलेल्या वंशावळीलाच पसंती मिळत राहिली, तर लोक शंका लपवायला शिकतील. आणि ज्या पणजोबांच्या नावाने नातवंडांना दाखला हवा आहे, ते पणजोबा नेमके कोण होते, हे शोधायचे राहूनच जाईल.