वय नव्हे, नियत बघा

व्हिडिओ गेमच्या गप्पा रंगल्या की हमखास दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, खरे गेम 'मारिओ', 'कॉन्ट्रा' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' यांच्याबरोबरच संपले. आता उरला तो नुसता झगमगाट. दुसऱ्याला हे सगळं माळ्यावर टाकायच्या लायकीचं वाटतं. त्याचा जीव येऊ घातलेल्या गेमच्या ट्रेलरमध्ये अडकलेला. मला दोन्ही तट अमान्य आहेत. जुने गेम मी आजही आवडीने खेळतो आणि नव्यांची वाटही बघतो. पण गेमची पारख त्याच्या जन्मसालावरून करायची ही रीतच खोटी आहे, असं माझं ठाम मत आहे.

'जुनं ते सोनं'वाल्यांची बाजू आधी घेऊ, कारण ती अधिक बळकट आहे.

त्यांचा पहिला दावा असा: तेव्हा गेम पूर्ण होऊनच बाजारात यायचा, कार्ट्रिज खोचलं की खेळ सुरू, आज अर्धाकच्चा गेम पूर्ण किमतीला विकतात आणि मग पॅच पाठवत बसतात. यातला दुसरा भाग खरा आहे. २०१२ मध्ये घोषणा झालेला 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा प्लेस्टेशन ४ वर त्याची इतकी दैना होती की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. पण पहिल्या भागाचं काय? १९८२ च्या नाताळात विकायला म्हणून अटारीने 'ई.टी.' हा गेम जेमतेम पाच आठवड्यांत उरकून घेतला. त्यातला नायक खड्ड्यात पडतो, कसाबसा वर येतो आणि पुन्हा खड्ड्यात पडतो. न खपलेली कार्ट्रिजं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरली गेली आणि २०१४ मध्ये उकरून काढल्यावर जगाला पुन्हा दिसली. 'सायबरपंक' दुरुस्त होत होत २०२३ पर्यंत खरोखर चांगला गेम झाला. 'ई.टी.'ला ती सोय नव्हती; कार्ट्रिजमध्ये गेलेली चूक जन्माची चूक.

आपल्याकडच्या आठवणीही जरा तपासून बघा. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या ज्या घरांत मारिओ आणि कॉन्ट्रा पोचले, त्यांतल्या बहुतेकांत ते नक्कल केलेल्या कन्सोलवर आले. कार्ट्रिजवर '९९९९ इन १' असं ठळक छापलेलं आणि आत मोजके गेम. तेच नाव बदलून किंवा मधल्याच लेव्हलपासून सुरू करून पुन्हा पुन्हा यादीत घातलेले. त्या काळाला प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र द्यायचं, तर याकडे काणाडोळा करावा लागेल. आपल्या लक्षात राहिले ते टिकलेले गेम. रद्दी कधीच विस्मरणात गेली. चाळून उरलेले टपोरे दाणे दाखवायचे आणि सगळं पीकच असं होतं म्हणायचं, याला युक्तिवाद म्हणत नाहीत.

दुसरा दावा जास्त वजनदार आहे: टंचाईतून कल्पकता जन्मते, आज मेमरी मुबलक आहे, म्हणून डोकं चालवायची गरज उरली नाही. यातला पूर्वार्ध मला आनंदाने मान्य आहे. १९८९ मध्ये अ‍ॅपल २ संगणकावर आलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घडवताना जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल उतरवली. त्या हालचालींतच मेमरी संपत आली. नव्या शत्रूची वेगळी चित्रं ठेवायला जागा राहिली नाही. मग त्याने राजपुत्राचीच चित्रं वापरून एक छायापुरुष उभा केला. तुम्ही आरशातून उडी मारता तेव्हा तो तुमच्यातून बाहेर पडतो. पुढे तुमच्या डोळ्यांदेखत औषधाची कुपी पिऊन टाकतो. शेवटाजवळ तो तलवार घेऊन समोर उभा ठाकतो आणि त्याच्यावर वार केला की जखम तुम्हालाच होते. वाट एकच: तलवार म्यान करायची आणि सरळ त्याच्या दिशेने चालत जायचं. दोघे एक होतात. जागेच्या अडचणीतून इतका खोल विचार निघाला, याला माझी मनापासून दाद आहे.

पण अडचण संपली म्हणून विचारही संपला, हे कशावरून? त्याच मालिकेतला 'द लॉस्ट क्राउन' हा भुलभुलैयाच्या प्रकारातला गेम जानेवारी २०२४ मध्ये आला. अशा गेममध्ये एक बंद वाट दिसते, ती उघडणारी शक्ती कित्येक तासांनी मिळते आणि तोवर ती वाट कुठे होती हेच आठवत नाही. इथे एक बटण दाबलं की समोरच्या दृश्याचा फोटो निघतो आणि नकाशावर नेमक्या त्या जागी टाचला जातो. वर्षानुवर्षं छळणाऱ्या प्रश्नाचं इतकं सोपं उत्तर कोणीतरी शोधलं, आणि ते नव्या यंत्राच्या ताकदीवरच उभं आहे. शिवाय मर्यादा आजही मुद्दाम स्वीकारणारे आहेत. २०२४ मधला 'बलाट्रो' एका माणसाने घडवला. त्यात ना मोठं शहर, ना खरे वाटणारे चेहरे. पोकरचे हात आणि नियमच बदलून टाकणारे जोकर. एवढ्या भांडवलावर तो माणसाला पहाटेपर्यंत जागवतो.

तिसरा दावा कसाचा: जुने गेम अवघड होते, ते खेळाडू घडवायचे, नवे बोट धरून चालवतात. पण गेम पार्लरमधल्या अवघडपणामागे एक रोकडा हिशेब होता. खेळाडू जितक्या लवकर मरेल, तितक्या लवकर पुढचं कॉइन पडेल. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', ज्याला आपल्याकडची पोरं सरळ 'मुस्तफा' म्हणत, मलाही प्रिय आहे. पण त्यातले शेवटचे बॉस कौशल्यापेक्षा खिशाचीच परीक्षा जास्त घेतात. याउलट २०१८ चा 'सेलेस्ट' खेळून बघा. बोटं दुखावीत इतका तो अवघड आहे. मात्र मेलात की त्याच पडद्यावर क्षणात पुन्हा उभे. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही निमिषभर तो उडीचं बटण मानून घेतो. खेळाडूला याचा पत्ताही लागत नाही, त्याला वाटतं आपण वेळेत उडी मारली. कस इथेही लागतो, फक्त त्यातली फसवणूक काढून टाकलेली आहे.

आता 'नवं ते भारी'वाल्यांकडे वळू. त्यांचा लाडका मुद्दा असा, की रिमेक आल्यावर मूळ गेम कशाला जपायचा? याचं उत्तर 'रेसिडेंट ईव्हिल ४' मध्येच आहे. २००५ च्या मूळ गेममध्ये नायक लिऑनने बंदूक रोखली की त्याचे पाय जमिनीला खिळतात. गावकरी कुऱ्हाडी घेऊन चहूबाजूंनी जवळ येत असतात, आणि नेम धरायचा की पळायचं हा निर्णय दर क्षणाला घ्यावा लागतो. त्या गेमची सगळी भीती या एका नियमावर तोललेली आहे. २०२३ च्या रिमेकमध्ये लिऑन चालता चालता गोळी झाडतो, सुरीने वार अडवतो, आणि त्या मानाने शत्रूही चपळ केलेत. दोन्ही गेम उत्तम आहेत, पण दोन्हींतली भीती वेगळी आहे. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

आणि प्रत्येक रिमेकच्या वाट्याला असं भाग्य येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉकस्टार कंपनीच्या 'जीटीए' मालिकेतल्या तीन जुन्या गेमची नवी आवृत्ती आली. त्याआधी जुन्या आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून हटवल्या गेल्या. नवी आवृत्ती इतकी सदोष निघाली की रॉकस्टारला जाहीर दिलगिरी व्यक्त करून पीसीच्या जुन्या आवृत्त्या स्वतःच्या दुकानात परत ठेवाव्या लागल्या. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत आढळलं. हा नुसता आठवणींचा प्रश्न नाही. एका कलेचा इतिहासच हातातून निसटतो आहे.

मग गेम तोलायचा कशावर? माझ्या लेखी निकष दोन. पहिला: तो खेळाडूची अक्कल आणि त्याचा वेळ यांची कदर करतो का? दुसरा: पैसे मोजल्यावर तो खरोखर आपल्या हातात राहतो का?

पहिल्या निकषावर 'प्रिन्स' आणि 'सेलेस्ट' शेजारी बसतात, 'ई.टी.' आणि विक्रीच्या दिवशीचा 'सायबरपंक'ही शेजारी बसतात. साल गळून पडतं. दुसऱ्या निकषावर मात्र आजच्या मोठ्या कंपन्यांना जाब विचारलाच पाहिजे. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा रेसिंग गेम ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाल्यावर पूर्ण निकामी झाला. एकट्याने खेळायचा भागसुद्धा. दशकभरापूर्वी मोजलेले पैसे गेले आणि गेमही गेला. यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि २०२५ मध्ये युरोपात तिच्या मागणीला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. सर्व्हर कायम चालवा, असा हट्ट यात कुणी धरलेला नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढंच मागणं आहे. ते अशक्यही नाही. आयडी सॉफ्टवेअरने १९९३ च्या 'डूम'चा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला केला, म्हणून तो आजच्या कुठल्याही संगणकावर चालतो. मेकनरच्या वडिलांना एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या, तेव्हा त्यानेही २०१२ मध्ये 'प्रिन्स'चा कोड सगळ्यांसाठी मोकळा केला. हे काम करायला नियत लागते, आणि ती जुन्या काळाची मक्तेदारी नव्हे.

येणाऱ्या गेमलाही हीच फूटपट्टी लावायला हवी. 'जीटीए ६'ची तारीख आधी २०२५, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६ अशी सरकत गेली आणि त्यावर केवढा आरडाओरडा झाला. मला उशीर हा दोषच वाटत नाही. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'ची घोषणा २०१९ मध्ये झाली आणि तो सप्टेंबर २०२५ मध्ये आला, इनमिन तीन-चार माणसांनी भरगच्च गेम दिला आणि किंमत ठेवली २० डॉलर. 'जीटीए ६'बद्दल माझी चिंता वेगळी आहे. २०१८ च्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्ये रॉकस्टारने अफाट मोकळं जग उभं केलं, पण मोहिमेत ठरलेल्या वाटेवरून जरा बाजूला गेलं की 'अपयशी' असा शिक्का बसतो. जग मोकळं आणि खेळाडू बांधलेला. 'जीटीए ६'मधल्या नव्या व्हाइस सिटी शहराचे रस्ते किती लांब आहेत, पाणी किती खरं दिसतं, याने मी भुलणार नाही. ल्युसिया आणि जेसन या त्यातल्या नायिका-नायकाच्या दरोड्याची आखणी माझ्या डोक्याने करता येते का, आणि ती कथा वीस वर्षांनीही इंटरनेटशिवाय खेळता येईल का, हे दोन प्रश्न मी विचारीन.

तुम्हीही विचारा. नुसत्या ट्रेलरवर भाळून आगाऊ पैसे भरू नका. चार खेळाडूंचे अनुभव येऊ द्या. जिथे पर्याय असेल तिथे कुलूप नसलेली, ऑफलाइन चालणारी आवृत्ती विकत घ्या. जुन्या गेमचं कौतुक करायचं असेल तर तो मुलांसमोर चालू करून त्यांना खेळू द्या, आणि त्यांना कंटाळा आला तर त्यांच्या पिढीला नावं ठेवू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' आणला. असे आपल्याकडचे गेम पुढच्या पिढीच्या हाती चालत्या स्थितीत पोचायचे असतील, तर आजच्या गिऱ्हाइकाने चोखंदळ व्हायला हवं. जुनं थोर की नवं, या वादात आपली शक्ती जाते, आणि आपल्याच पैशांनी घेतलेले गेम बंद करणाऱ्यांना कोणी अडवत नाही. भांडायचंच असेल तर त्यांच्याशी भांडू.