आधी दुरुस्ती, मग सुधारणा

‘जुन्या सीडी प्लेअरमध्ये कोणता ऑप-अँप घालू?’ असे विचारणारी वाचकांची पत्रे अलीकडे वाढली आहेत. माळ्यावर पडलेली यंत्रे लोक खाली काढत आहेत. आखातातून कधीकाळी आणलेले, जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेले फिलिप्स, सोनी, मरांट्झ आपल्या टेबलांवर येत आहेत. गिऱ्हाईक येतानाच यादी घेऊन येते: ऑप-अँप बदला, क्लॉक बदला, सगळे कॅपॅसिटर बदला. ऑप-अँपचा प्रश्न चांगला आहे, पण त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. हे यंत्र कारखान्यातून निघताना जसे वाजत होते, तसे आज वाजते आहे का? तीस-पस्तीस वर्षांच्या यंत्राबाबत याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असते. मग त्याच्या आजच्या आवाजावरून मूळ आराखड्याला नावे ठेवून त्यात बदल करणे हा त्या यंत्रावर अन्याय आहे, आणि गिऱ्हाइकाच्या पैशांवरही.

ती यंत्रे मुळात कच्ची होती, हा समज आपल्या धंद्यात फार रुजला आहे. सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये १ ऑक्टोबर १९८२ रोजी विक्रीला आला. त्यात दोन्ही चॅनलांसाठी मिळून एकच डॅक होता. तो आळीपाळीने डावे-उजवे काम करी, त्यामुळे दोन चॅनलांत सुमारे ११ मायक्रोसेकंदांचा फरक राहत असे. त्यापुढे अतिशय तीव्र उताराचा अॅनालॉग फिल्टर होता. फिलिप्सने दुसरी वाट धरली. त्यांच्याकडे तयार होता तो १४ बिटांचा टीडीए१५४०. त्यांनी प्रत्येक चॅनलला एक असे दोन डॅक घातले, आधी डिजिटल फिल्टरने नमुन्यांचा वेग चौपट म्हणजे १७६.४ किलोहर्ट्झ केला, आणि नॉइज शेपिंगच्या जोरावर १४ बिटांतून १६ बिटांच्या तोडीचे काम काढले. त्यामुळे शेवटचा अॅनालॉग फिल्टर सौम्य ठेवता आला. ज्यांनी हे आखले त्यांना आपण काय करतो आहोत ते नीट ठाऊक होते. त्यांचे काम सुधारायला बसताना आधी ते समजून घेणे एवढा मान त्यांना द्यायलाच हवा.

आता म्हातारपणाकडे येऊ. पहिला बळी इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. मल्टिमीटरवर त्याची क्षमता बरोबर दिसते आणि ईएसआर मात्र कित्येक पट वाढलेला असतो, म्हणून ईएसआर मीटर नसेल तर या कामात हात घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. मागे २२० व्होल्ट लिहिलेले यंत्र आपण वर्षानुवर्षे २३०-२४० व्होल्टांवर चालवतो. २४० व्होल्टांवर रेग्युलेटरच्या आधीचा १० व्होल्टांचा सप्लाय जवळजवळ १०.९ होतो. ७८०५ वर ५ व्होल्ट पडायचे तिथे ५.९ पडतात, म्हणजे त्याची उष्णता अठरा टक्के वाढते. शेजारच्या कॅपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीमागे साधारण निम्मे होते. त्यामुळे यंत्र उघडल्यावर आधी हीटसिंकला चिकटून उभे असलेले कॅपॅसिटर तपासावेत. व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो योग्य जागी आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे.

दुसरा बळी म्हणजे टाके. फिलिप्सच्या सीडी-१०४ च्या पिढीत पीसीबीच्या दोन बाजू जोडायला धातूच्या बारीक नळ्या, म्हणजे ग्रिपलेट, वापरल्या आहेत. त्यांचे टाके कालांतराने तडकतात. यंत्र गरम झाल्यावर ट्रॅक सुटतो, एक चॅनल खरखरतो, टपली मारली की पुन्हा सुरू होतो. अशा यंत्राचा डॅक बदललेला मी पाहिला आहे. सगळ्या ग्रिपलेटचे जुने सोल्डर ओढून काढायचे, नळीतून बारीक तार आरपार घालायची आणि दोन्ही बाजूंनी टाका द्यायचा. काम कंटाळवाणे आहे. पण अशा यंत्रात आवाजाचा जेवढा फरक या कामाने पडतो, तेवढा कोणत्याही महागड्या ऑप-अँपने पडत नाही.

लेन्स आणि मेकॅनिझमबद्दल थोडक्यात. कोकणातल्या दमट हवेत लेन्सवर येणारा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने जातो. वाळलेले ग्रीस पूर्ण पुसून नवे लावावे लागते. डिस्क नीट वाचली जात नाही म्हणून लेसरचा प्रीसेट फिरवून पॉवर वाढवणे मात्र थांबवा. त्याने यंत्र दोन महिने चालते आणि मग लेसर कायमचा जातो. आधी सीआरओवर आय पॅटर्न पाहा. त्यातल्या चौकटी स्वच्छ दिसल्या पाहिजेत. लेसर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा आहे, हे नव्या मुलांना रोज सांगा. आणखी एक: लेन्स पुसल्याने ‘बास वाढला’ असे गिऱ्हाइकाला सांगू नका. सीडीवरची चूकदुरुस्ती सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतची सलग खराबी पूर्णपणे भरून काढते. त्यापलीकडे गेले की अंदाजाने भरलेले नमुने येतात किंवा आवाज तुटतो. लेन्सवरच्या धुळीने सुराचा पोत बदलत नाही.

एवढे झाल्यावर यंत्र आठवडाभर वाजवावे. माझा आग्रह असा की गिऱ्हाइकालाही ते याच अवस्थेत ऐकवावे आणि मग विचारावे, पुढे जायचे का? पुष्कळ जण इथेच समाधानाने घरी नेतात.

पुढे जायचे असेल, तर आता तो ऑप-अँप. शेवटच्या बफरमध्ये तो किती वेगवान हवा याचा हिशेब एका ओळीचा आहे. सीडी प्लेअरचे पूर्ण आउटपुट २ व्होल्ट आरएमएस, म्हणजे शिखर २.८३ व्होल्ट. २० किलोहर्ट्झला त्यासाठी लागणारा स्ल्यू रेट ०.३६ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. ज्याला आपण नाके मुरडतो तो ४५५८ सुद्धा १ व्होल्ट देतो. तेव्हा बफरमध्ये वेगासाठी पैसे घालवण्यात अर्थ नाही. तिथे नॉइज आणि लोड पेलण्याची ताकद पाहावी, आणि त्या दोन्हींत एनई५५३२ आजही पुरून उरतो. वेग लागतो तो डॅकच्या लगेच पुढे, करंटचे व्होल्टेज होते तिथे. टीडीए१५४१ए या डॅकचा ४ मिलिअँपिअरचा करंट पायऱ्यापायऱ्यांनी येतो, आणि प्रत्येक पायरीची कड अतिशय उभी असते. तिथला ऑप-अँप मंद असला तर त्या कडेवर तो काही क्षण ताबा सोडतो, आणि ती चूक ऐकू येण्याच्या पट्ट्यात उतरते. बदलायचाच असेल तर तो एक बदला. बदलल्यावर लगेच सीआरओ लावा. वेगवान आयसी जुन्या, लांब ट्रॅकच्या पीसीबीवर पायाशी १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर न देता बसवला, तर तो काही मेगाहर्ट्झवर ऑसिलेट होतो. अशा वेळी आवाज थोडा धारदार वाटतो आणि ‘तपशील वाढला’ असे कौतुक होते. हात लावून पाहिले तर आयसी भाजत असतो.

त्याच टीडीए१५४१ए भोवती १०० नॅनोफॅरडचे चौदा कॅपॅसिटर असतात, चॅनलला सात. डॅकच्या आतल्या करंट विभागणीचा खडबडीतपणा ते गुळगुळीत करतात. त्यांच्या जागी चांगले फिल्म कॅपॅसिटर घालणे ही समजण्यासारखी सुधारणा आहे, अट एवढीच की ते पायांशी चिकटून बसले पाहिजेत. दीड इंच तारांवर लोंबणारे मोठे, देखणे कॅपॅसिटर मूळच्या छोट्यांपेक्षा वाईट काम करतात. आणि ‘एस१’ हा मुकुटाचा शिक्का असलेला डॅक कुणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. साध्या आयसीची पाठ घासून त्यावर नवा शिक्का मारण्याचा धंदा जगभर चालतो, आणि लॅमिंग्टन रोड असो की तपकीर गल्ली, आपल्यापर्यंत येणारा माल त्याच साखळीतून येतो.

सप्लायबाबत उत्साह आवरायला हवा. २२०० मायक्रोफॅरडच्या जागी १०,००० घातला की डायोडमधून जाणारे करंटचे झटके अरुंद आणि उंच होतात, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, आणि ज्या हमसाठी हे केले तो दुसऱ्या वाटेने परत येतो. मूळच्या दीडपटीपेक्षा पुढे जाऊ नये. आउटपुटचे कपलिंग कॅपॅसिटर काढून टाकण्याआधी तिथला डीसी मोजा. एकेरी सप्लायवर चालणाऱ्या यंत्रांत त्या जागी अर्धा सप्लाय उभा असतो, आणि डीसी कपल्ड अँप्लिफायरमधून तो थेट स्पीकरच्या कॉइलवर जातो.

क्लॉकचे वेड सध्या सर्वात महाग आहे. कागदावरचा हिशेब भीतीदायक दिसतो: २० किलोहर्ट्झच्या पूर्ण पातळीच्या सुरावर १६ बिटांची अचूकता राखायची तर जिटर १२१ पिकोसेकंदांच्या आत हवा. पण संगीतात २० किलोहर्ट्झला पूर्ण पातळी कधीच नसते. डॉल्बीतल्या एरिक बेंजामिन आणि बेंजामिन गॅनन यांनी १९९८ मध्ये ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा जिटरचा परिणाम त्यांच्या स्वतःच्या अपेक्षेपेक्षाही कमी निघाला. क्रिस्टल आणि त्याच्या शेजारचे दोन छोटे कॅपॅसिटर ठीक असतील, सप्लाय स्वच्छ असेल, तर नवे क्लॉक मॉड्यूल सगळ्यात शेवटी यावे. माझ्या मते बहुतेक यंत्रांत ते येऊच नये.

ओव्हरसॅम्पलिंगचा फिल्टर काढून टाकण्याच्या प्रकाराला माझा विरोध आहे. त्याने २० किलोहर्ट्झला ३ डेसिबेलहून थोडी अधिक घट येते आणि २४ किलोहर्ट्झपासून वर सिग्नलच्या नको असलेल्या प्रतिमा उभ्या राहतात. काहींना तो मऊपणा आवडतो, आणि आवडीला मी चूक म्हणत नाही. पण बरेच जण त्यासोबत मूळची पूर्ण आउटपुट स्टेजही उखडतात, आणि तिच्याबरोबर डी-एम्फसिसची जोडणीही जाते. ऐंशीच्या दशकातल्या कित्येक डिस्कवर, विशेषतः जपानी छपाईच्या, वरचे सूर मुद्दाम चढवून भरलेले आहेत. प्लेअरने ते उतरवले नाहीत तर २० किलोहर्ट्झच्या आसपास ९-१० डेसिबेलचा चढ तसाच राहतो. मग ‘सुरुवातीच्या सीडी कर्कशच असत’ असे म्हणत गिऱ्हाईक चांगल्या डिस्क रद्दीत टाकते.

ब्रिटनमधल्या मेरिडियनने आपला पहिला सीडी प्लेअर फिलिप्सचेच यंत्र सुधारून बनवला. केन इशिवाता यांनी मरांट्झच्या सीडी-६३ ला आपली सही दिली, तेव्हा त्यात टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर आणि तांब्याचा मुलामा दिलेली चेसिस आली. दोन्ही ठिकाणी मूळ यंत्राचा पाया राखला होता. आपल्यापुढे हेच नमुने असावेत.

फरक पडला की नाही, हे ठरवताना कानाला एकटे सोडू नका. जरा मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो. १ किलोहर्ट्झच्या चाचणी ट्रॅकवर सुधारलेल्या आणि न सुधारलेल्या अशा दोन्ही यंत्रांचे आउटपुट मोजा आणि २ व्होल्टांत २० मिलिव्होल्टांच्या आत जुळवा, ते ०.१ डेसिबेलहून कमी होते. मग पडद्याआड अदलाबदल करून ऐका. तानपुऱ्याचा लांब सूर आणि बायाँचा विरत जाणारा घुमार लावा. झांजा-घंटांच्या चकचकीत ध्वनिमुद्रणापेक्षा तिथे नॉइज आणि हम लवकर उघडे पडतात.

आता सर्व कारागिरांना एक विनंती. सीडीएम-१ सारखी काचेच्या लेन्सची मेकॅनिझम आता बनत नाहीत, टीडीए१५४१ए बनत नाही. प्रत्येक कापलेला ट्रॅक हा उरलेल्या साठ्यातला एक तुकडा आहे. म्हणून पीसीबी कापू नका, सॉकेट वापरा. काढलेले मूळ भाग छोट्या पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्या. झाकणाच्या आत कागद चिकटवा: तारीख, बदललेल्या भागांचे क्रमांक, आधीचे आणि नंतरचे आउटपुट, डीसी, लेसरचा करंट. बिलात दुरुस्तीची रक्कम आणि सुधारणेची रक्कम वेगळी लिहा. असे कागद पुढच्या अंकापासून आम्ही दर महिन्याला छापणार आहोत. आपल्या टेबलावरच्या यंत्रांची मापे, फरक पडला नसेल तीही, आमच्याकडे पाठवा.