दिलजमाई आणि देणे

पालघर तालुक्यातील मासवणजवळ सूर्या नदीचे पाणी उचलले जाते आणि शुद्ध होऊन ते वसई-विरारच्या नळांपर्यंत पोहोचते. त्या नळांवर जी महाविद्यालये, जी वसतिगृहे आणि ज्या शिक्षक-लिपिकांची घरे अवलंबून आहेत, ती सर्व मुंबई विद्यापीठाच्या परिवारातील आहेत. सूर्या प्रकल्पाचा मूळ उद्देश मात्र सिंचनाचा होता, आणि धामणीच्या धरणासाठी ज्यांची गावे उठली त्यांत बहुसंख्य कुटुंबे आदिवासींची होती. शहराचा घडा भरला याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्या नदीने तो भरला त्यांच्याशी आपले नाते कोणते, हा प्रश्न सुशिक्षित समाजाने स्वतःला विचारावयास हवा. आणि तो प्रथम विद्यापीठाने विचारावयास हवा.

कारण ज्ञानाच्या बाबतीतही हाच व्यवहार चालत आला आहे. पाड्यावरून गीते आली, कथा आल्या, वनस्पतींची माहिती आली, लग्नचौकाची चित्रे आली. त्यांतून प्रबंध सिद्ध झाले, पदव्या मिळाल्या, नेमणुका झाल्या. ज्या म्हाताऱ्याने चार रात्री जागून आपल्या कुळाची हकीकत सांगितली, त्याच्या घरी त्या प्रबंधाची प्रत पोहोचल्याचे उदाहरण विरळाच. नदीप्रमाणे ज्ञानही पाड्यावरून शहराकडे वाहत राहिले.

अन्य देशांत या विषयाची चर्चा 'रिकन्सिलिएशन' या नावाने होते. मराठीत त्याला दिलजमाई म्हणता येईल. कॅनडात आदिम जमातींच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडण्यात आले होते. त्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ साली ९४ शिफारशी केल्या आणि त्यांतील काही थेट शिक्षणसंस्थांना उद्देशून होत्या. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत क्षमायाचना केली. येथील परिस्थिती निराळी आहे हे खरे. परंतु भारताच्या संसदेने त्याही आधी, २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच, वननिवासी जमातींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचे नमूद केले आहे. कबुली देशाच्या कायद्यात लिहिलेली आहे. उरले आहे ते तिच्याशी सुसंगत असे वर्तन.

विद्यापीठाने आपला स्वतःचा इतिहासही या दृष्टीने तपासून पाहावा. १९४३ साली मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. गो. स. घुर्ये यांचा आदिवासींविषयीचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. आदिवासी हे मूलनिवासी म्हणावयाचे की मागासलेले हिंदू, हा त्यातील मोठा वाद होता. तो विद्वत्तेचा होता, गैरहेतूचा नव्हता. परंतु त्याच सुमारास मुंबईपासून शंभर-दीडशे किलोमीटरवर वारली माणूस लग्नापुरत्या कर्जापायी आयुष्यभर जमीनदाराकडे राबत होता. त्याला 'लग्नगडी' हे नावच पडले होते. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली एकत्र आले आणि त्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला व पाच जण प्राणास मुकले. त्या लढ्याची कहाणी गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आदिवासींना काय म्हणावे याचा खल शहरात चालला असता, आपण कोण आहोत हे त्यांनी स्वतःच्या कृतीने सांगितले होते. तलवाड्याचे नाव पालघर जिल्ह्यातील प्रत्येक पदवीधराला ठाऊक असले पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

या जाणिवेला कृतीचे रूप कसे द्यावयाचे? आजवरचे सोपे उत्तर म्हणजे शिबिर. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली आणि तिच्या सात दिवसांच्या शिबिरांनी अनेक शहरी मुलांना प्रथमच पाडा दाखविला. ते श्रेय तिला दिलेच पाहिजे. तथापि रस्त्यावर माती टाकावी, समारोपाला तारपा नाच पाहावा आणि आठव्या दिवशी परतावे, यात देणारा शहरी आणि घेणारा आदिवासी अशी समजूत पक्की होते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. देणे विद्यापीठाकडे निघते.

ते फेडण्याचा एक मार्ग कायद्यानेच दाखविला आहे. वनजमिनीवरील आदिवासींच्या वहिवाटीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा पुरावा लागतो. अनेक कुटुंबांजवळ पिढ्यान्‌पिढ्यांची शेती आहे, कागद नाही. २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून कोणत्या गोष्टी ग्राह्य धराव्यात याची यादी आहे. त्यात वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आहेत आणि नामांकित संस्थांनी केलेले संशोधन व चालीरीतींच्या नोंदीही आहेत. याचा अर्थ असा की, ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडलेला एखादा जुना प्रबंध, एखादी ग्रामपाहणी, एखादा हाताने काढलेला पाड्याचा नकाशा कोणा कुटुंबाच्या चार गुंठ्यांना आधार ठरू शकतो. ज्या विद्यापीठाजवळ असा कागद असेल आणि ते तो शोधून ग्रामसभेच्या हाती देणार नसेल, त्याने दिलजमाईवर परिसंवाद भरविण्यात फारसे स्वारस्य नाही.

हे काम अवाढव्य नाही. ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यासह, आदिवासींविषयीचे जुने प्रबंध व पाहण्या यांची गाववार सूची करावी. प्रत्येकाची प्रत संबंधित ग्रामसभेला पाठवावी आणि त्यातील मजकूर पाड्यावर मराठीत किंवा वारलीत वाचून दाखवावा. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी सीमा मोजण्यास मदत करावी. मराठीच्या विद्यार्थ्यांनी वृद्धांचे जबाब त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावेत. यापुढे जो कोणी संशोधनासाठी पाड्यावर जाईल, त्याने आधी ग्रामसभेची संमती घ्यावी आणि शेवटी तिला निष्कर्ष सादर करावेत, असा नियम असावा.

यात विद्वानांनी पुढारपण घेण्याची आवश्यकता नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हा धडा फार पूर्वी घालून दिला. तेथे बाहेरचे जाणकार आणि गावकरी अभ्यासगटात एकत्र बसत, माहिती तपासत, चर्चा करीत. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेई. २००९ साली त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. विद्वानाची जागा शेजारच्या घोंगडीवर आहे, व्यासपीठावर नाही, हे मेंढ्याने दाखवून दिले.

असा आक्षेप येईल की, महाविद्यालये परीक्षा आणि निकाल यांतच बुडालेली आहेत. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाने आणखी काय काय करावे? आक्षेप खरा आहे. म्हणून हे काम स्वेच्छेवर न सोडता त्याला अभ्यासक्रमात श्रेयांक, शिक्षकाच्या कार्यभारात तास आणि अंदाजपत्रकात तरतूद मिळाली पाहिजे. ज्याला पैसा व वेळ मिळत नाही ते धोरण नसून केवळ सदिच्छा असते.

शिवाय दिलजमाईचा काही भाग पाड्यावर न जाताही पार पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याच्या हद्दीत सुमारे ३७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी घरांतील मुले आज याच महाविद्यालयांच्या बाकांवर बसतात. तेही विद्यापीठच आहेत. कॉलेजच्या खिडकीशी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीला लिपिक 'उद्या ये' म्हणतो, तेव्हा तिचा एक दिवसाचा एसटीचा खर्च आणि आईची एक दिवसाची मजुरी जाते. तोच लिपिक तिला बसवून, जातवैधतेच्या कागदांत काय उणे आहे ते एकदाच नीट सांगतो, तेव्हा विद्यापीठाच्या ठरावापेक्षा मोठे काम होते. वर्गात वारली उच्चार ऐकून हसू उमटले असता ते थांबविणारा शिक्षकही हेच काम करीत असतो.

वारली चित्रे आता दिवाणखान्यांत आणि स्नेहसंमेलनाच्या कमानींवर मानाने विराजमान झाली आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, याचा अभिमान सर्वांनाच आहे. परंतु चित्र भिंतीवर आणि चितारणाऱ्याचा दावा फायलीत, ही स्थिती मानाची नव्हे. दिलजमाई दोन बरोबरीच्या माणसांत होते, आणि बरोबरी येण्यासाठी आधी हिशेब चुकता व्हावा लागतो. सूर्येचे पाणी परत नदीत नेता येत नाही. कपाटातले कागद मात्र परत नेता येतात. आणि मुंबईहून पालघरला गाडी रोज जाते.